आयुष्याचा हजेरीपट

गेल्या चैत्रातील एका रविवारची गोष्ट. उन्हे कलली होती. काचीगुड्याच्या आमच्या जुन्या घराच्या पडवीत आई नेहमीच्या जागी जपमाळ घेऊन बसली होती आणि आम्ही दहावीच्या परीक्षाकेंद्राचे कागद चाळीत होतो. इतक्यात दादा आले. दादा म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे थोरले बंधू. सिकंदराबादेस दक्षिण मध्य रेल्वेच्या कचेरीत त्यांची छत्तीस वर्षे गेली, आणि जूनअखेरीस ते निवृत्त व्हायचे होते. पाणी पिऊन होताच त्यांनी बगलेतील फाइल आमच्यापुढे ठेवली.

"भाऊजी, तुम्ही हेडमास्तर. कागदपत्रांत तुम्ही मुरलेले. एवढे जरा वाचून सांगा."

कागद होता पेन्शनच्या कम्युटेशनचा. नोकरदार वाचकांस हा प्रकार ठाऊक आहे. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. निवृत्त होणाऱ्यास आपल्या पेन्शनीतील काही भाग, जास्तीत जास्त शेकडा ४०, विकून टाकता येतो. त्याची रक्कम एकदम हाती पडते, आणि तेवढा भाग दरमहा मिळावयाचा थांबतो. पंधरा वर्षे लोटली की तो पुन्हा सुरू होतो. दरमहाच्या एका रुपयाबद्दल एकदम किती द्यावयाचे, हे वयानुसार ठरते. केंद्र सरकारच्या तक्त्यात पुढील वाढदिवसास ६१ पुरे होणाऱ्याच्या नावापुढे ८.१९४ हा आकडा आहे. त्यास बारांनी गुणावे, म्हणजे सुमारे ९८ रुपये येतात.

दादांनी हिशेब आधीच मांडला होता. पंधरा वर्षांचे महिने १८०, म्हणजे १८० रुपयांच्या बदल्यात ९८. हा व्यवहार त्यांना आतबट्ट्याचा वाटत होता. परंतु त्यांची खरी अस्वस्थता निराळीच होती. भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान ७० वर्षे आहे, असे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते.

"म्हणजे माझी दहाच राहिली," ते म्हणाले. "मग पंधरा वर्षांचा विचार कशाला? आणि हे पाहा, तक्त्याखाली बारीक अक्षरांत लिहिले आहे: आयुर्विमा महामंडळाचा १९९४-९६ चा मृत्युतक्ता आणि ८ टक्के व्याज. माझे मरण सरकारने कोणास विचारून ठरविले?"

आम्हांस हसू आले, परंतु आम्ही ते आवरले. साठीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या या प्रश्नास हसणे बरे नव्हे. आणि आमचाही उंबरठा आता तीनचार वर्षांवर आला आहे.

आम्ही गणिताचे शिक्षक नव्हे. आमची एम.ए. मराठीतली. परंतु तीस वर्षे हजेरीपट आणि दाखलपुस्तक सांभाळण्यात गेल्यामुळे या आयुर्मानाच्या तक्त्याचे मर्म आम्हांस हजेरीपटावरूनच उमगले, आणि त्याच वाटेने ते आम्ही दादांस सांगू लागलो.

समजा, एका शाळेत पहिलीत १०० मुले दाखल झाली. त्यांतील किती दहावीपर्यंत टिकतात, हे पाहावयाचे आहे. एक मार्ग म्हणजे त्याच मुलांच्या मागे दहा वर्षे चालावे. मार्ग सरळ आहे, पण उत्तर हाती येईतो हेडमास्तर निवृत्त होतो! दुसरा मार्ग असा: यंदाचेच दाखलपुस्तक घ्यावे. यंदा पहिलीतून शेकडा किती गळाले, दुसरीतून किती, तिसरीतून किती, असे दहावीपर्यंत पाहावे. मग १०० मुलांची एक तुकडी मनाने कल्पावी आणि यंदाच्याच गळतीच्या प्रमाणात तिला एकेका इयत्तेतून पुढे न्यावे. अशी तुकडी कोणत्याही वर्गात बसलेली नसते. परंतु आजची शाळा कशी चालली आहे, हे तिच्यावरून एका दृष्टिक्षेपात कळते.

लोकसंख्याशास्त्रज्ञांची जीवनसारणी नेमकी अशीच असते. १०० मुलांच्या जागी एक लाख नवजात बालके, आणि इयत्तांच्या जागी वये. अमुक वयाची माणसे किती, त्यांतील या काळात किती दगावली, यावरून प्रत्येक वयाचे मृत्यूचे प्रमाण काढावयाचे. त्या प्रमाणाने कल्पनेतील एक लाख बालकांस एकेक वर्ष पुढे न्यावयाचे, शेवटचा माणूस जाईपर्यंत. एका रकान्यात त्या त्या वयास हयात असलेले, दुसऱ्यात त्या वयात गेलेले, तिसऱ्यात सर्वांनी मिळून जगलेली वर्षे. या वर्षांची बेरीज करून तीस मूळच्या एक लाखाने भागले, की जन्मवेळचे सरासरी आयुर्मान निघते. त्या ७० वर्षांत भविष्य कोणाचेच नसते. आजच्या मृत्युमानाने काढलेली ती आजच्या समाजाची प्रकृती होय.

दादांनी मान डोलावली, पण त्यांचे समाधान झाले नव्हते. "ते असो. ७० म्हणजे ७० च ना?"

तेव्हा आम्ही कागदाच्या कोऱ्या बाजूस एक उदाहरण मांडले. एका घरी पाच लेकरे झाली. एक काही दिवसांचेच होऊन गेले. एक वर्षाचे होऊन गेले. उरलेली तिघे अनुक्रमे ६४, ७० आणि ७५ वर्षे जगली. बेरीज २१०, भागिले पाच, सरासरी ४२. आता त्या घरात ४२ च्या आसपास कोणी गेले काय? एकही नाही. दोघे अगदी उमलताना गेले आणि तिघे पिकून गेले. ज्याने बाळपणाची घाटी ओलांडली, त्याच्यासाठी ४२ हा आकडा निरर्थक आहे. त्या तिघांची सरासरी काढली तर ती सत्तरीच्या जवळ जाते.

"दादा, तुमच्या वर्तमानपत्रातील ७० हे नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे. त्यात बाळपणी गेलेले, तरुणपणी अपघातात गेलेले सगळे आले. तुम्ही तर साठ पायऱ्या चढून वर आला आहा. तुमच्यासाठी सारणीत शेवटचा रकाना आहे: साठाव्या वर्षी हयात असलेला माणूस आणखी सरासरी किती जगतो. २०१४-१८ च्या सारणीप्रमाणे पुरुषांच्या बाबतीत ती १७.४ वर्षे आहेत. स्त्रियांच्या बाबतीत १८.९."

दादांचा चेहरा उजळला. ७७ चा आकडा त्यांनी बोटांवर मोजला. आम्ही त्यांना लगेच सावध केले की हीसुद्धा सरासरीच आहे. तक्ता दादांस ओळखत नाही. त्यांच्या मधुमेहाची त्यास वार्ता नाही, आणि रोज पहाटे ते चालावयास जातात याचीही नाही.

कम्युटेशनच्या तक्त्याचेही असेच. पंधरा वर्षांत सुटे सुटे मिळावयाचे १८० रुपये आज एकदम हवेत, म्हणून व्याज वजा होते. आणि तो माणूस मध्येच जाण्याची शक्यता असते, म्हणून आणखी थोडे वजा होते. याच तक्त्यात विशीच्या माणसापुढे ९.१८८ आहे आणि एकसष्टीपुढे ८.१९४. व्याज दोघांस सारखेच, तेव्हा मधली तफावत आहे ती केवळ मरणाच्या शक्यतेची. ज्यांचे विमे उतरले होते, अशा असंख्य अनोळखी माणसांच्या जगण्यामरण्याच्या नोंदींवरून ती निघाली आहे. दादांचे मरण कोणी ठरविले नव्हते. त्यांच्याआधी गेलेल्यांचे तेवढे लिहून ठेवले होते.

वाचकहो, या लिहून ठेवण्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. लंडनात जॉन ग्रँट नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. प्लेगच्या भयाने तेथे दर आठवड्यास मृतांच्या याद्या निघत. लोक त्या चाळून टाकून देत; या गृहस्थाने त्या एकत्र करून १६६२ साली त्यांवर पुस्तक लिहिले. त्यात एक लहानसा तक्ता आहे: जन्मलेल्या १०० पैकी सहाव्या वर्षी ६४ उरतात, सोळाव्या वर्षी ४०, आणि शहात्तराव्या वर्षी एक. त्यातील बरेच आकडे अंदाजाचे होते, पण वाट पडली. पुढे १६९३ मध्ये एडमंड हॅली याने ब्रेस्लाउ या शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून अधिक पक्की सारणी बांधली आणि वर्षासनाची किंमत तिच्यावरून कशी काढावी हे दाखविले. धूमकेतूमुळे आपणास माहीत असलेला हॅली तो हाच. दादांच्या फॉर्मचे मूळपुरुष हे दोघे म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडे ही विद्या विम्याच्या वाटेने आली, आणि येताना अपमान घेऊन आली. परदेशी विमा कंपन्या हिंदी माणसाचे आयुष्य कमअस्सल समजून त्याच्याकडून जादा हप्ता घेत. मुंबईत १८७० च्या सुमारास निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने हिंदी माणसांचे विमे सर्वसाधारण दराने उतरविण्यास प्रारंभ केला. पुढे ओरिएंटल कंपनीच्या विमेदारांच्या १९२५-३५ मधील अनुभवावरून भारतीय मृत्युतक्ता तयार झाला. १९५६ साली आयुर्विमा महामंडळ स्थापन झाल्यावरही कित्येक वर्षे हप्ते त्यावरूनच ठरत. विमेदार मात्र बहुधा मिळवते, शहरी आणि वैद्यकीय तपासणीतून पार पडलेले असत. शेतमजुराचे, बाळंतिणीचे, तान्ह्या पोराचे आयुष्य त्या तक्त्यात नव्हते.

हे चालले असता दादांनी एक शंका काढली, आणि ती आमच्या बहुतेक वाचकांच्या मनात असेल. "पूर्वीची माणसे दणकट. तुमचे पणजोबा नव्वदीपर्यंत जगले, ती तसबीर समोर आहे. मग त्या काळचे आयुर्मान वीसतेवीस होते असे कसे म्हणतात?"

म्हणतात ते खरे आहे. १९०१ ते १९११ या दशकात भारतातील जन्मवेळचे आयुर्मान सुमारे २३ वर्षे होते. त्यापुढील दशकाचे अभ्यासकांनी काढले ते २० च्या आसपास भरते. आपल्या हैदराबादेपुरते बोलावयाचे तर, १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीस महापूर येऊन हजारो माणसे एका दिवसात गेली. १९११ मध्ये प्लेग आला. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा आला, ज्यास आपल्या आज्या 'मानमोडी' म्हणत. १९११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती सुमारे पाच लाख होती, ती १९२१ मध्ये सुमारे चार लाखांवर आली. देशाची लोकसंख्याही त्या दहा वर्षांत वाढण्याऐवजी किंचित घटली. नल्लाकुंट्याच्या साथीच्या रोगांच्या इस्पितळास आजही आपण 'कोरंटी दवाखाना' म्हणतो. 'क्वारंटाइन' हा शब्द लोकांच्या जिभेवर झिजून 'कोरंटी' झाला. तो काळ शहराच्या बोलीत असा राहून गेला आहे.

पण साथी नसत त्या वर्षीही मरण घरात असेच, आणि ते मुख्यतः पाळण्याशी असे. पणजोबा नव्वद वर्षे जगले म्हणून त्यांची तसबीर भिंतीवर लागली. त्यांच्या पाठीवरचे जे सहाव्या दिवशी, सहाव्या महिन्यात गेले, त्यांची तसबीर कोण काढणार? उरलेल्यांवरूनच काळ पारखण्याची आपणास सवय. जीवनसारणी गेलेल्यांसही त्या हिशेबात बसविते.

स्वातंत्र्यानंतरचे आकडे पाहिले की मन थक्क होते. १९४१-५० च्या दशकात ३२ वर्षे. १९७०-७५ मध्ये ४९.७, २०१६-२० मध्ये ७०. हे काही म्हातारे अधिक म्हातारे होऊ लागल्यामुळेच घडले असे नव्हे. ते बहुतांशी पाळण्यापाशी घडले. १९७१ साली जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १२९ वर्षाच्या आत जात. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. देवीचे उच्चाटन झाले, १९८५ पासून गोवरासह इतर लसी गावोगाव पोहोचल्या, हगवणीवर साखरमिठाचे पाणी आले, बाळंतपणे इस्पितळात होऊ लागली. आपल्या शहरातील निलोफर इस्पितळ १९५३ चे. राजघराण्यातील निलोफर बेगमांची एक दासी बाळंतपणात दगावली, त्या दुःखातून ते उभे राहिले असे सांगतात. आमच्या शाळेतील अर्ध्याअधिक मुलांचा जन्म सरकारी इस्पितळांतलाच.

आणि ही चढण कायमची आहे असेही समजू नये. कोरोनाची वर्षे हिशेबात येताच २०१७-२१ च्या सारणीत ७० चे ६९.८ झाले. दोन दशांश! कागदावर किती क्षुल्लक दिसते! परंतु पाच वर्षांची सरासरी आणि सबंध देश यांत विरघळून उरलेले ते दोन दशांश आहेत. २०२१ च्या वैशाखात आमच्या गल्लीतून ज्यांना नेले, त्यांतील प्रत्येकाच्या घरी तो आकडा केवढा आहे हे आम्ही जाणतो.

येथपर्यंत दादा ऐकत होते. मग त्यांनी असा प्रश्न विचारला की त्याने आम्ही क्षणभर थबकलो. "भाऊजी, पण हे सगळे कळते कसे? खेड्यापाड्यांत कोण कधी गेला, किती वयाचा होता, हे लिहितो कोण?"

लिहितात ते मास्तर, दादा. निदान त्या काळी आम्हीच लिहीत होतो.

जन्म आणि मृत्यू यांची नोंद करण्याचा कायदा १९६९ चा आहे. परंतु नुसत्या कायद्याने खेड्यातील माणूस कचेरीपर्यंत जात नाही. जनगणनेतही वयाचा घोटाळा असतो. २००१ च्या जनगणनेत आम्ही घरोघर हिंडलो तेव्हा एका आजीबाईंनी वय सांगितले ते असे: "रझाकारांच्या वेळी मी चालू लागले होते." बाकीचे पन्नास, साठ अशी गोल वये सांगत, एकोणसाठ कोणी नसेच. म्हणून सरकारने 'नमुना नोंदणी' नावाची पद्धत सुरू केली. १९६४-६५ मध्ये तिचा प्रयोग झाला आणि १९६९-७० पासून ती देशभर चालू झाली. अशा दुहेरी पाहणीच्या मागे आपल्याकडील अभ्यासकांचाही पूर्वानुभव होता. वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे पुणे जिल्ह्यातील जनन आणि मृत्यू यांची घरोघर जाऊन केलेली पाहणी १९५३ सालीच प्रसिद्ध झाली होती.

नमुना नोंदणीची रीत अशी की, देशातील निवडक गावे आणि वस्त्या घ्यावयाच्या; प्रत्येक ठिकाणी गावातच राहणारा एक अर्धवेळ नोंदणीदार नेमावयाचा. पूर्वी तो बहुधा शिक्षक असे, पुढे अंगणवाडीच्या सेविकाही आल्या. त्याने घरांना क्रमांक द्यावेत, गरोदर स्त्रियांची यादी ठेवावी, जन्म आणि मृत्यू जसजसे होतील तसतसे लिहावेत. सहा महिन्यांनी एक पर्यवेक्षक येतो. तो नोंदणीदाराची वही न पाहता स्वतंत्रपणे घरोघर विचारतो. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवतात. ज्या नोंदी जुळत नाहीत, त्यांसाठी पुन्हा त्या घरी जाऊन खरे काय ते पाहतात.

१९९४ साली आम्ही मेदक जिल्ह्यातील एका खेड्यात नवे मास्तर होतो आणि हे काम आमच्याकडे आले होते. मानधन चहापाण्यापुरते, पण अक्षर चांगले, म्हणून आम्हांस त्याचा अभिमान होता. पहिल्या सहामाहीस पर्यवेक्षक आले. सर्व नोंदी जुळल्या, एक जुळेना. एका मेंढपाळाच्या घरची सून आमच्या गरोदर स्त्रियांच्या यादीत होती. श्रावणात आम्ही विचारावयास गेलो, तेव्हा सासऱ्याने हात झटकून सांगितले होते, मूल झालेच नाही. आम्ही तसे लिहिले आणि पुढच्या घरी गेलो. पर्यवेक्षकांच्या यादीत मात्र त्या घरी एक जन्म आणि एक मृत्यू होता.

आम्ही दोघे पुन्हा त्या घरी गेलो. सासरा पुन्हा तेच म्हणाला. त्याच्या लेखी ते खोटेही नव्हते. बारसे नाही, नाव नाही, मग मूल कसले? तेव्हा दाराआडून त्या मुलीचा आवाज आला. वय असेल अठराएकोणीस.

"उन्नाडु, सार. रेंडु रोजुलु उन्नाडु."

होता, सर. दोन दिवस होता.

आम्ही वही उघडली आणि नोंद दुरुस्त केली. एक जन्म. एक मृत्यू, वय दोन दिवस. परतताना पर्यवेक्षक बांधावरून चालता चालता म्हणाले, "मास्तर, म्हाताऱ्याची नोंद चुकत नाही, त्याची तिरडी सारा गाव पाहतो. चुकतात ती ही."

त्या वाक्याचा अर्थ आम्हांस पुष्कळ पुढे कळला. वर सांगितलेला भागाकार आठवा. सर्वांनी जगलेली वर्षे हा अंश, आणि जन्मलेले जीव हा छेद. दोन दिवसांचे बाळ अंशात जवळजवळ काहीच घालीत नाही. पण छेदात ते पुरे एक असते. नव्वद वर्षांच्या पणजोबांइतकेच एक. ते वगळले तर सरासरी फुगते, देश आहे त्याहून निरोगी दिसतो, आणि जेथे दाई, लस, दवाखाना पाठवावयाचा ते गाव नकाशावर दिसेनासे होते. आम्ही त्या दिवशी आळसाने एक जीव छेदातून पुसला होता. तो परत आला, तो एका मुलीने दाराआडून तोंड उघडले म्हणून.

दिवेलागण झाली. दादांनी फॉर्म भरला. धाकटीच्या लग्नाचे कर्ज फेडण्यापुरता भाग विकावयाचा आणि बाकीची पेन्शन तशीच ठेवावयाची, असे त्यांनी ठरविले. "सतरा वर्षे म्हणता ना? मग दरमहाचे बरे," असे म्हणत ते बसथांब्याकडे गेले.

आम्ही कागद आवरू लागलो, तोच आई म्हणाली, "तू मघाशी पाच लेकरांचा हिशेब सांगत होतास. तो आपल्या घरचाच ना?"

आम्ही चपापलो. उदाहरण घेताना पाच हा आकडा आम्ही सहज घेतला होता, निदान आम्हांस तसे वाटले होते. आमच्या घरच्या रेशनकार्डावर, वंशावळीच्या वहीत, फडताळातील जन्मपत्रिकांच्या गुंडाळीत आम्ही तीन भावंडे: थोरली ताई, आम्ही आणि धाकटा. शाळेत, नोकरीत, सर्वत्र आम्ही स्वतःस दुसरे अपत्य म्हणून लिहीत आलो. ताईच्या आणि आमच्या मध्ये कोणी होते हे लहानपणी आजीच्या तोंडून पुसटसे ऐकले होते. विचारले मात्र कधीच नाही.

"नाही गं, ते नुसते उदाहरण होते."

"मग आपला सांग," आई म्हणाली. तिचे वय आता ८७. मणी ओढणारे बोट थांबले होते. "ताई. तिच्या पाठीवर मुलगा. पाचवीची तयारी मांडली होती, कोरा कागद, लेखणी, सगळे पाटाशी ठेवले होते. सटवाई यायच्या आधीच तो गेला. कागद कोरा राहिला. मग मुलगी. तिला गोवर आला, चौदा महिन्यांची होती, पळत होती. मग तू. तू चौथा आहेस."

परभणी जिल्ह्यातील तिच्या माहेरी, साठच्या दशकाच्या आरंभी, गोवराची लस आमच्या देशात पोहोचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. इतकी वर्षे ती आमच्या घरात होती आणि कोणत्याही कागदावर नव्हती. मेदकच्या खेड्यात दुसऱ्याच्या घरचा हिशेब आम्ही दुरुस्त करून आलो होतो, आणि आपल्या घरी मात्र त्या सासऱ्यासारखेच वागत आलो होतो.

आम्ही फडताळातून वंशावळीची वही काढली. वडिलांच्या हातच्या तीन ओळींखाली कोऱ्या पानावर नव्याने पाच ओळी आखल्या. आईने धाकट्या मुलीचे नाव सांगितले. ते ऐकून आम्हांस ताईच्या नातीचे नाव तेच का ठेवविले ते कळले. दुसऱ्या ओळीत नावाची जागा मोकळी ठेवली. चौथ्या ओळीत आमचे नाव लिहिताना हात थोडा अडखळला.

"वाच," आई म्हणाली.

आम्ही वाचले. दुसऱ्या ओळीशी आलो: मुलगा, वय चार दिवस.

"चार नाही. चौथा दिवस उजाडला नव्हता. साडेतीन लिही."

आम्ही चारावर काट मारली आणि साडेतीन लिहिले.